ऑनलाइन घेतलेल्या कपाटाची पाठ निघून आली, फेकायचं की सुधरेल?

रेल्वेक्वार्टरवाली (भुसावळ)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे तीन दरवाज्यांचं कपाट आहे, ऑनलाइन मागवलेलं, खोक्यात सुट्ट्या फळ्या येतात आणि मग माणूस येऊन जोडून देतो ना तसलं. मनमाडला असताना घेतलं तेव्हा एकदम झकास होतं. मग यांची बदली भुसावळला झाली, टेम्पोवाला म्हणाला ताई खोलायची काही गरज नाही असंच आडवं टाकतो, घाई होती म्हणून आम्हीपण हो म्हटलं. नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा करत जळगाववरून आलो, रस्ता कसा होता ते विचारू नका. उतरवलं तेव्हाच एका बाजूला कललेलं वाटत होतं पण म्हटलं क्वार्टरची फरशी वाकडी असेल.

आता दोन वर्षांनी असं झालंय की मागची पातळ शीट मधोमध पोटासारखी बाहेर आलीये, डावीकडे ती ज्या खाचेत बसवलेली असते त्यातून पूर्ण निसटलीये, दोन शीट जोडणारी प्लास्टिकची पट्टी लोंबकळतेय आणि आत हात घातला की सरळ भिंत लागते. परवा साड्यांच्या घडीतून पाल निघाली, तेव्हापासून मुलगी कपाट उघडत नाही. दरवाजेपण नीट लागत नाहीत, मधला उजव्याला घासतो आणि वर बोटभर फट.

आमच्या साहेबांनी रविवारी हातोडी घेऊन सात-आठ चुका ठोकल्या, त्यात दोन ठिकाणी बाजूच्या फळीचा सनमायका फुटला आणि तिसऱ्या दिवशी शीट परत बाहेर. सुताराला बोलावलं तर तो म्हणे हा नुसता भुसा आहे वहिनी, फेका, मी सागाचं करून देतो. त्याने जो आकडा सांगितला त्यात माझ्या बहिणीचं अर्धं लग्न झालं असतं. आखाजीला (अक्षय तृतीयेला) नणंदा येणार आहेत, अजून वीसेक दिवस आहेत, तोवर काहीतरी करायचंय. शीट बदलून जाड प्लाय लावू का? खिळे की स्क्रू? का खरंच फेकून देऊ?

भरीत_पार्टी (जळगाव)

भो हे कपाट शे का कागदनी पुडी 😄 माझं ऐका, लोखंडी कपाट घ्या. आमच्या आईच्या लग्नातलं आहे, चार बदल्या, दोन वेळा माळ्यावरून खाली, एकदा बैलगाडीतून, फक्त एका दरवाज्याची कडी गेलीये. आतला आरसा तेवढा आजोबांनी फोडला.

रेल्वेक्वार्टरवाली

दादा लोखंडी आहे घरात एक, माहेरचं. त्यात यांचे कागद आणि मुलांची पुस्तकं. साड्या कुठे ठेवू ते सांगा.

पानापेचकस (जळगाव)

ताई फेकू नका. मी हेच काम करतो, कंपन्यांचं फर्निचर घरी जाऊन जोडून द्यायचं, नऊ-दहा वर्षं झाली, सीझनला दिवसाला तीन-तीन कपाटं होतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची शीट खराब झाली म्हणून कपाट वाकडं झालेलं नाही, कपाट वाकडं झालं म्हणून शीट निसटली. हा फरक लक्षात घेतला नाही तर कितीही चुका ठोका, परत निघणार.

लोकांना वाटतं मागची शीट म्हणजे धूळ येऊ नये म्हणून लावलेला पडदा. केळीचं रिकामं खोकं घ्या, तळ आणि झाकण दोन्ही उघडं ठेवा आणि बाजूने दोन बोटांनी ढकला, आडवं पडतं की नाही? आता तळ चिकटवा आणि ढकला. तोच पुठ्ठा, पण हलत नाही. तुमच्या कपाटाचा तळ म्हणजे ती ३ मिमीची शीट. फळ्या एकमेकींना धरून ठेवतात ते मिनीफिक्स, म्हणजे पेचकसाने अर्धा फेरा दिला की घट्ट होणारं ते गोल चाक, ते फळीला फळी ओढून धरतं पण अख्खं कपाट बाजूला झुकायला लागलं तर अडवायची ताकद त्याच्यात नाही. ते काम पाठीचं. आणि टेम्पोत जोडलेलं कपाट आडवं टाकलं की प्रत्येक खड्ड्याला ते थोडं थोडं झुकतं, खाच रुंद होते, शीट सुटते. मी गिऱ्हाइकांना दरवेळी सांगतो, बदली आली की निदान पाठ आणि दरवाजे काढून न्या, कोणी ऐकत नाही.

आता करायचं काय ते सांगतो. आधी टेपने कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं माप घ्या, डावीकडचा वरचा ते उजवीकडचा खालचा, आणि मग उलटं. दोन्ही मापं सारखी आली तर कपाट गुण्यात आहे, म्हणजे चारही कोपरे काटकोनात. नसली तर किती फरक ते इथे लिहा. अजून तीन गोष्टी बघून सांगा: शीट खाचेत सरकवलेली आहे की मागून नुसती खिळ्यांनी मारलेली, बाजूच्या फळीची जाडी किती, आणि खाली फरशीजवळ फळी फुगलीये का. फोटो चिकटवता आला तर उत्तम.

निम्मा_इंजिनिअर (नंदुरबार)

एवढं कशाला, फेविकॉल लावा आणि शीट परत खाचेत ढकलून द्या, वरून दोन दिवस वजन ठेवा. फेविकॉल का जोड आहे शेवटी.

पानापेचकस

भाऊ फेविकॉल चांगलाच आहे, पण तो लाकडात, भुश्यात, कागदात मुरतो तेव्हा धरतो. या शीटला आणि फळीला वरून गुळगुळीत लॅमिनेट असतं, त्यात मुरणार काय? सुकल्यावर नखाने पापुद्रा निघतो. चिकटवायचंच असेल तर ती जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून आतला भुसा दिसेपर्यंत घासा, नाहीतर दोन नळ्यांवालं अॅरल्डाइट वापरा. आणि वाकडं कपाट चिकटवलं की ते वाकडंच पक्कं होतं, मग सरळ करायचं म्हटलं तर फळीचा लचका निघतो. म्हणून आधी गुण्या.

रेल्वेक्वार्टरवाली

साहेबांना आणि शेजारच्या काकांना कामाला लावलं. उंची १८०० मिमी, रुंदी १२०० मिमी. एक तिरपं माप २१७१, दुसरं २१५५. शीट खाचेतलीच आहे, तीन तुकडे, मधे दोन उभ्या फळ्या आहेत तिथे त्या प्लास्टिकच्या पट्ट्या. बाजूची फळी १६ मिमी. आणि हो, उजवीकडे खाली चारेक बोटं फळी फुगलीये, कडेची पट्टी सुटलीये आणि आत ओल्या खारीसारखं झालंय. तिकडेच खिडकी आहे आणि खिडकीत कुलर.

धुळ्याची_काकू

हां, आला का कुलर! मी वाचत होते आणि म्हणत होते अजून कोणी विचारलं कसं नाही. आमना घर बी हाईच गत व्हयनी. भुसावळ काय धुळं काय, मार्च सरला की कुलर सुरू तो पार मिरगापर्यंत, आणि कुलर म्हणजे ओली हवाच ती, गवतातून पाणी टिपकतंय त्यातून पंखा हवा ओढतोय. ती हवा जिथे आदळते तिथे हे भुश्याचं कपाट ठेवलं की ते पाणी पितं. मी दोन उन्हाळे कपाटाची पाठ कुलरसमोर ठेवली होती, तिसऱ्या उन्हाळ्यात शीट अशी फुगली की पापडच, आणि मागे काळी बुरशी. शिवाय कुलर चालू असताना आपण दारं-खिडक्या बंद करून बसतो, थंडावा टिकावा म्हणून. उलट करायचं, समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर घरात नुसता दमटपणा साठतो, गारवापण वाटत नाही आणि कपाटपण जातं.

अजून एक, फुगलेल्या जागी टोचून बघा, पोकळ लागलं आणि मातीसारख्या बारीक नळ्या दिसल्या तर ते पाणी नाही, उधई म्हणजे वाळवी आहे. मग कपाट सुधारण्याआधी भिंत बघा.

रेल्वेक्वार्टरवाली

काकू टोचलं. नळ्या नाहीत, नुसता ओला भुसा. जीव भांड्यात पडला.

पानापेचकस

मग सुधरतंय. १६ मिमीचा फरक म्हणजे तुमच्या मापाच्या कपाटात वरची फळी खालच्यापेक्षा साधारण १४ मिमी एका बाजूला सरकलीये. दरवाज्यांची बोटभर फट तिथूनच आली, बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवून ती जाणार नाही, उगाच फिरवत बसू नका.

कामाचा दिवस असा काढा की दोन धडधाकट माणसं घरात असतील. कपाट रिकामं करा, दरवाजे काढा, बिजागरीला मागे छोटी खटकी असते ती दाबली की दरवाजा हातात येतो. कुठला दरवाजा कुठला ते खडूने लिहून ठेवा. कपाट ओढत नेऊ नका, खालचे पाय मोडतात. खाली दोन गोधड्या टाका आणि कपाटाला तोंडघशी झोपवा, म्हणजे पाठ वर येईल. आता सगळी मिनीफिक्सची चाकं पाव फेरा सैल करा, पूर्ण नाही. मग लांब तिरपं माप जिकडे आहे त्या दोन कोपऱ्यांना नायलॉनची दोरी बांधा, कोपऱ्याखाली पुठ्ठा द्या, दोरीत काठी घाला आणि पीळ देत जा. गाडीवर कडब्याच्या पेंढ्या आवळतात ना तसं. दर दोन पिळांनी दोन्ही मापं घ्या. लांबचं कमी होतंय, आखूडचं वाढतंय, दोन्ही २१६३ च्या आसपास येऊन भेटतील. १-२ मिमीचा फरक राहिला तर चालतो. दोरी तशीच ठेवून मिनीफिक्स घट्ट करा. जोर लावू नका, चाक अडलं की थांबा, भुश्याच्या फळीत जास्त पिळलं की भोकच मोकळं होतं.

आता पाठीचं. जाड प्लाय खाचेत जाणार नाही, खाच ३ मिमीचीच असते. आणि प्लाय नुसता मागून मारायचा म्हटलं तर आणखी एक भानगड आहे, खाच कपाटाच्या मागच्या कडेपासून थोडी आत असते, त्यामुळे मधल्या दोन उभ्या फळ्या खाचेपर्यंतच येतात, मागच्या कडेपर्यंत पोचत नाहीत. प्लाय फक्त बाहेरच्या चौकटीवर बसेल आणि मधे पोकळ राहील. म्हणून जुनी शीट काढू नका, फार फाटली नसेल तर परत खाचेत बसवा, त्या प्लास्टिकच्या एच पट्ट्या हार्डवेअरला मिळतात त्या नव्या घाला. मग मधल्या फळ्यांच्या रेषेवर, शीटच्या वर, लाकडाची पट्टी ठेवा, जेवढी खोल जागा आहे तेवढ्याच जाडीची, तुमच्यात बहुतेक १२ ते १५ मिमी निघेल, मोजून घ्या. पट्टीतून, शीटमधून, थेट मधल्या फळीच्या कडेत स्क्रू. आता सगळं एका पातळीत आलं, त्यावर ४ मिमीचा अखंड प्लाय. तीन तुकड्यांची पाठ एक झाली की कपाट ढकलून बघा, तुम्हालाच कळेल.

स्क्रू काळे जिप्समवाले घ्या, प्लायसाठी इंची चालतील, पट्टीसाठी पावणेदोन इंची. प्रत्येक स्क्रूआधी अडीच मिमीच्या बिटने भोक पाडायचंच. साहेबांच्या चुका का फुटल्या? १६ मिमीच्या फळीची कड म्हणजे मधोमध ८ मिमी, चूक जरा तिरपी गेली की बाहेर सनमायक्यातून डोकावते. बाहेरच्या कडेपासून ८ मिमीवर पेन्सिलीने रेघ मारा आणि त्या रेघेवरच भोकं, दर सहा इंचाला एक. कोपऱ्याच्या अगदी टोकाला पहिला स्क्रू नको, दीड-दोन इंच सोडून.

केळीबाग_सावदा

पानापेचकस भाऊंचं सगळं बरोबर, फक्त प्लायबद्दल सांगतो कारण मी यात हात पोळलेत. मी सरळ ६ मिमी लावला, जाड तेवढं भारी या हिशोबाने. काही उपयोग नाही. कपाट गुण्यात धरायला ४ मिमी पुरतो, ६ ने वजन वाढलं आणि माझे भुश्याच्या फळीतले स्क्रू तेवढेच कमकुवत राहिले. जोड सुटतो तो स्क्रूच्या भोकात, प्लाय कधी फाटत नाही. गंमत म्हणजे ४ मिमी प्लायची शीट ३ मिमी एचडीएफपेक्षा, म्हणजे तुमच्या त्या दाबलेल्या भुश्याच्या शीटपेक्षा, जड नसते, प्लाय हलका असतो, तुमच्या मापाला पाचेक किलो भरेल.

दुकानदार विचारेल कुठला देऊ. प्लायवर छापलेलं असतं, आयएस ३०३ म्हणजे साधा कमर्शियल, आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा. कुलर तिथेच राहणार असेल तर मरीन घ्या, नाहीतर कमर्शियल चालतो. शीट ८ बाय ४ फुटाची येते, तुम्हाला ६ बाय ४ लागेल, दुकानातच मशिनवर कापून घ्या, घरी करवतीने कापलेली कड कधी सरळ येत नाही आणि तुमचा गुण्या त्या कडेवरच ठरणार आहे.

आणि रंग किंवा वॉर्निश मारणार असाल तर दोन्ही बाजूंनी मारा! मी भिंतीकडची एकच बाजू रंगवली होती, ओल तिकडून लागते म्हणून. दुसरी बाजू हवेतला दमटपणा पीत राहिली, पहिली पीत नव्हती, महिन्यात प्लाय ताटलीसारखा. चारही कडासुद्धा सोडू नका, पाणी जास्त कडेतूनच शिरतं.

भरीत_पार्टी

केळीबाग भाऊ, एवढं शिकलात तर लोखंडी कपाटाला कलर करायला या, चहा-शेव माझ्याकडून.

निम्मा_इंजिनिअर

ताई, मी वर फेविकॉलचं बोललो ते मागे घेतो, पण एक काम सांगतो ते ऐका, कपाट भिंतीला बांधा. पाठ घट्ट झाली म्हणून कपाट पुढे पडणार नाही असं नाही. लहान पोरं ड्रॉवर उघडून त्यावर चढतात आणि सगळं अंगावर येतं. अमेरिकेत २०१६ मध्ये याच कारणाने २ कोटी ९० लाख ड्रॉवरवाली कपाटं परत मागवली होती, पोरं दगावली होती. लोखंडी एल क्लॅम्प येतो, एक बाजू वरच्या जाड फळीला आणि दुसरी भिंतीत प्लग घालून. पातळ शीटला क्लॅम्प मारू नका, ती ओढीने फाटून हातात येते.

रेल्वेक्वार्टरवाली

क्वार्टरच्या भिंतीला भोक पाडायचं म्हणजे आधी विचारावं लागेल, पण मुलगी सात वर्षांची आहे आणि चढते, म्हणून यांना विचारायला लावते. त्या फुगलेल्या कोपऱ्याचं कोणी सांगितलं नाही.

पानापेचकस

राहिलं खरं. फुगलेला भुसा परत बसत नाही, वाळला तरी नाही, इस्त्री फिरवा, वजन ठेवा, नाही म्हणजे नाही. सुरीने सगळा सैल भुसा काढून टाका, घट्ट लागेपर्यंत. मग पंख्याखाली दोन दिवस वाळवा, कुलरखाली नाही 😀 खड्ड्यात फेविकॉल आणि लाकडाचा बारीक भुसा कालवून भरा, इथे फेविकॉल चालतो कारण आत लॅमिनेट नाही, नाहीतर अॅरल्डाइट. सुकल्यावर घासा, वॉर्निशचे दोन हात. साहेबांनी चुका मारून फोडलेल्या जागीपण हेच. पण वजन त्या कोपऱ्यावर देऊ नका, आतल्या बाजूला लाकडाचा एक ठोकळा फळीला स्क्रूने लावा, फरशीला टेकेल असा, म्हणजे भार ठोकळा घेईल. ठोकळ्याखाली रबराचा तुकडा, फरशी पुसताना पाणी लागतं.

आणि ज्या भोकांत मिनीफिक्सचा खिळा गरगर फिरतोय तिथे टूथपिक फेविकॉलमध्ये बुडवून चार-पाच ठासा, सुकल्यावर बाहेर आलेलं कापा आणि परत फिरवा. आगपेटीच्या काड्याही चालतात, फक्त गुल काढून.

धुळ्याची_काकू

आणि कपाट भिंतीला पूर्ण टेकवू नका, दोन बोटं अंतर सोडा. प्लाय लावल्यावर मागे हवा खेळली पाहिजे, पावसाळ्यात भिंत ओल धरते. क्लॅम्पला मधे लाकडाचा तुकडा द्या म्हणजे झालं. कपाटात कडुलिंबाचा पाला टाका, पाल जाते की नाही माहीत नाही पण साड्यांना कसर लागत नाही.

रेल्वेक्वार्टरवाली

नऊ दिवसांनी आले. झालं काम! सगळं जसं झालं तसं सांगते, कोणाला उपयोग होईल.

शनिवारी संध्याकाळी कपाट रिकामं केलं. त्यात काय काय निघालं ते जाऊ दे, हरवलेली चांदीची जोडवी मिळाली, शीटच्या फटीत पडली होती. दरवाज्यांवर खडूने लिहायला विसरलो आणि रविवारी दोन तास त्यात गेले, कारण तिन्ही दरवाजे दिसायला सारखेच. कपाट झोपवायला चार माणसं लागली, दोन नाही, पानापेचकस दादा तुम्ही रोज करता म्हणून तुम्हाला दोन वाटतात.

दोरीचा पीळ एकदम कामाला आला. पहिल्यांदा साहेबांनी आखूड बाजूलाच दोरी बांधली, फरक १६ वरून २३ झाला, मग काका ओरडले. दुसऱ्या बाजूला बांधल्यावर २१६४ आणि २१६२ वर आणलं. तेव्हाच एका मिनीफिक्सचं चाक तुटलं, हार्डवेअरवाल्याकडे दहाचं पाकीट मिळालं, आम्हाला एकच हवं होतं पण आता नऊ शिल्लक, कोणाला लागलं तर सांगा.

खाच मागच्या कडेपासून १२ मिमी आत निघाली. पट्ट्या प्लायवाल्यानेच कापून दिल्या. जुन्या तीन शीटपैकी उजवीकडची, कुलरच्या बाजूची, खालून पार सडली होती, तिथे नवी ३ मिमीचीच घातली. प्लाय ४ मिमी मरीन घेतला, केळीबाग दादांचं ऐकून दोन्ही बाजूंनी आणि कडांना वॉर्निश मारलं. वॉर्निशच्या वासाने आम्ही तिघं दोन रात्री गच्चीवर झोपलो, एप्रिलात भुसावळला तसंही कोण घरात झोपतं. एकूण प्लाय, पट्ट्या, स्क्रू, वॉर्निश, सगळं धरून अठराशेच्या आत झालं. त्या सुताराचा आकडा आता मी सांगत नाही.

चुकलेलं एक: पहिले सहा-सात स्क्रू साहेबांनी भोक न पाडता मारले, "एवढ्याने काय होतंय" म्हणत. एक फळीतून बाहेर आला. मग रेघ मारली, भोकं पाडली, बाकीचे एकही वाकडा गेला नाही. तो एक डाग राहिलाय उजव्या बाजूला, तिकडे कॅलेंडर लावलंय.

उभं केलं, दरवाजे लावले, मधला दरवाजा घासत नाही. वरची फट गेली, बिजागऱ्यांना हातसुद्धा लावला नाही. साहेब कपाटाला खांद्याने ढकलून बघतात दिवसातून दोनदा. कपाट समोरच्या भिंतीला हलवलं, कुलर खिडकीतच. क्लॅम्पची परवानगी तोंडी मिळाली, पुढच्या आठवड्यात लावू, तोवर खालचे ड्रॉवर रिकामे ठेवलेत.

उरलेला २ बाय ४ चा प्लायचा तुकडा आहे. नणंदा आल्या की बिबडे करायचेत, गच्चीत त्यावर वाळत घालू का?

पानापेचकस

भारी झालं ताई. प्लाय उन्हात नका टाकू, ४ मिमीचा आहे, दुपारपर्यंत त्याची होडी होईल. कपाटाच्या आत कप्प्याला लावा.

धुळ्याची_काकू

वॉर्निश मारलेल्या लाकडावर खायची वस्तू वाळवतात का गं? बाजेवर जुनं धोतर टाक आणि घाल. बिबड्याच्या ज्वारीत लसूण-तीळ टाकणार असशील तर प्रमाण विचार, मागच्या वेळी मी मीठ जास्त केलं होतं.

भरीत_पार्टी

पत्ता पाठवा, बिबडे खायला येतो. बसायला तो प्लाय ठेवा.